विश्लेषण : जुन्या हॉटेलांच्या पाट्या मुंबईचा इतिहास कसा सांगतात? पुनर्विकासात त्या टिकतील का?

इराणी, बोर्डिंग, लंच होम, खाणावळ, उपाहारगृह… मुंबईत खाण्याच्या जागेला इतकी वेगवेगळी नावे का पडली? त्या त्या वस्तीत कोण, कुठून आणि कशासाठी आले, यात याचे उत्तर आहे. यातील अनेक हॉटेले पागडीच्या जागेत आहेत आणि त्यांच्या इमारती एकेक करून पुनर्विकासाला जात आहेत. त्यामुळे प्रश्न फक्त खिमा-पाव किंवा रसम वड्याचा नाही. वस्तीची ओळख कशावर टिकते, हाही आहे.

हॉटेल आणि वस्ती यांचा संबंध काय?

मराठीत ‘हॉटेल’ म्हणजे राहण्याची नव्हे, तर खाण्याची जागा. मुंबईपुरते याचे कारण रोजगारात सापडते. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली, १८५६ मध्ये पहिली कापड गिरणी सुरू झाली, पाठोपाठ गोदी वाढली. कामासाठी आलेले बहुतेक पुरुष एकटे होते. एका खोलीत आठ-दहा जण पाळीपाळीने झोपत. तिथे चूल मांडायला ना जागा होती, ना वेळ. त्यांच्यासाठी बाहेर जेवणे ही चैन नव्हती, पाण्याच्या नळाइतकीच ती रोजची गरज होती.

ही गरज प्रत्येक समाजाने आपापल्या पद्धतीने भागवली. कोकणातल्या गिरणी कामगाराला हवी होती भात-आमटी, दक्षिणेतून आलेल्या कारकुनाला सांबार-भात आणि गोदीतल्या हमालाला पहाटेचा भरपेट रस्सा. जिथे माणूस राहिला किंवा राबला, तिथेच त्याचे हॉटेल उभे राहिले. म्हणूनच आजही हॉटेलची पाटी वाचली की वस्तीचा जुना पत्ता कळतो.

इराणी हॉटेले कोपऱ्यावरच का?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीस इराणच्या यझ्द, केरमान भागातून झोरोस्ट्रियन कुटुंबे मुंबईत आली. पारसी इथे कित्येक शतके आधी आले होते, हे त्यांच्यापेक्षा बरेच उशिरा. त्यामुळे दोघांचा धर्म एक असला तरी इराणी वेगळे ओळखले गेले. कोपऱ्यावरची जागा इतर व्यापारी अशुभ मानत, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असे नेहमी सांगितले जाते. व्यवहाराच्या दृष्टीनेही कोपरा फायद्याचाच होता. दोन रस्त्यांकडे तोंड, दोन दरवाजे, भरपूर उजेड आणि दोन्हीकडून येणारे गिऱ्हाईक.

धोबीतलाव येथील ‘कयानी’ १९०४ ची, जवळचीच ‘ससानियन’ १९१३ ची, ग्रँट रोड स्थानकाबाहेरची ‘मेरवान’ १९१४ ची, बॅलार्ड इस्टेटमधील ‘ब्रिटानिया’ १९२३ ची, किंग्ज सर्कलची ‘कूलर’ १९३२ ची आणि फोर्टमधील ‘कॅफे मिलिटरी’ १९३३ ची. स्थानक, कचेऱ्या आणि मोठे चौक, या तीन गोष्टींभोवती ही यादी फिरते. चहा आणि ब्रून मस्का घेऊन तासभर बसण्याची मुभा हे इराण्याचे खरे वैशिष्ट्य. ज्या काळात कुणाच्या हातचे खावे यावर जातीची कडक बंधने होती, त्या काळात या जागा तुलनेने मोकळ्या होत्या. सार्वजनिक उपाहारगृहात धर्म, जात, लिंग यावरून कुणालाही प्रवेश नाकारता येणार नाही, हे राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदात स्वतंत्रपणे लिहावे लागले, यावरून या मोकळेपणाचे मोल लक्षात येते.

माटुंग्यात दक्षिण कशी आली?

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. दाटीवाटीच्या वस्त्या मोकळ्या करण्यासाठी १८९८ मध्ये ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला आणि त्याने दादर, माटुंगा, वडाळा, शीव हा उत्तरेकडचा भाग आखीव पद्धतीने वसवायला घेतला. रुंद रस्ते, बागा, नव्या इमारती. रेल्वेत आणि कचेऱ्यांत नोकरीला लागलेली दक्षिणेतील कुटुंबे मोठ्या संख्येने माटुंग्यात स्थिरावली. त्यांच्या मागोमाग आले उडुपीचे स्वयंपाकी.

‘कॅफे मैसूर’ १९३६, ‘मणीज लंच होम’ १९३७, ‘राम आश्रय’ १९३९, ‘कॅफे मद्रास’ १९४० आणि माटुंगा स्थानकासमोर मंडईच्या वर असलेले रामा नायक यांचे ‘उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग’ १९४२. अवघ्या सहा वर्षांत एका चौकाभोवती एवढी हॉटेले निघाली, यावरून वस्ती किती झपाट्याने भरत होती हे दिसते. ‘बोर्डिंग’ हा शब्द महिन्याचे पैसे भरून दोन वेळा जेवणाऱ्या एकट्या नोकरदाराची आठवण सांगतो. फोर्टातल्या ‘लंच होम’ या पाटीचा अर्थही असाच. कचेरीच्या मधल्या सुट्टीतले जेवण, पण घरच्यासारखे. मंगळुरी आणि गोमंतकी माशांच्या आमट्या मुंबईभर पोहोचल्या त्या याच पाटीखालून.

गिरगाव, दादर आणि गिरणगावात काय फरक?

तिन्ही मराठी वस्त्या, पण पाट्या वेगळ्या. गिरगाव-दादरच्या मध्यमवर्गीय भागात शब्द दिसतात ते ‘उपाहारगृह’, ‘आरोग्य भुवन’, ‘हेल्थ होम’. दादर स्थानकाजवळचे मामा काणे यांचे हॉटेल १९१० चे, आणि त्याच्या नावातच ‘स्वच्छ’ हा शब्द आहे. बाहेरचे खाणे तब्येतीला आणि सोवळ्याला बाधक मानणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘स्वच्छ’ आणि ‘आरोग्य’ या शब्दांनी दिलासा दिला. थालीपीठ, साबुदाणा वडा, पियूष ही इथली यादीही घरातल्या उपवासाच्या आणि न्याहारीच्या ताटातून आलेली आहे.

लालबाग-परळमध्ये शब्द होता ‘खाणावळ’, आणि ती बहुतेक वेळा कुणाच्या तरी घरातच चाले. गिरणी कामगारांच्या जेवणाचा मोठा भार चाळीतल्या बायकांनी उचलला होता. सावकाराच्या कर्जात अडकलेल्या या खाणावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त संघटित केले आणि बँकेच्या कर्जाची वाट मोकळी केली. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या कधीच सुरू झाल्या नाहीत. जेवणारा माणूसच गेला आणि खाणावळी ओस पडल्या. आज लालबागची चिवडा गल्ली, मसाल्याची दुकाने, ‘लाडू सम्राट’ची मिसळ आणि मालवणी जेवणाची हॉटेले एवढा धागा शिल्लक आहे. गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आले.

पदार्थाच्या नावातही वस्ती असते का?

असते, आणि कधी कधी ती फसवतेही. देशभरातल्या मेन्यूकार्डांवर असलेली ‘प्रॉन्स कोळीवाडा’ ही कोळ्यांच्या घरातली पाककृती नाही. फाळणीनंतर शीव कोळीवाड्यात वसवलेल्या पंजाबी निर्वासितांच्या हॉटेलांनी बेसन आणि ओव्याच्या आवरणात तळलेली कोळंबी लोकप्रिय केली आणि तिला वस्तीचे नाव चिकटले. पुढे स्थानकाचे ‘कोळीवाडा’ हे नाव बदलून ‘गुरू तेग बहादूर नगर’ झाले, पदार्थाने मात्र जुने नाव सोडले नाही.

भेंडी बाजारातील ‘नूर मोहम्मदी’ची नल्ली निहारी हे असेच दुसरे उदाहरण. ‘नहार’ म्हणजे सकाळ. रात्रभर मंद आचेवर शिजून पहाटे तयार होणारे हे अन्न दिवसभर अंगमेहनत करणाऱ्याला पुरणारे आहे. वस्ती कष्टकऱ्यांची आहे हे त्या एका शब्दावरून कळते.

ही हॉटेले इतकी वर्षे स्वस्त कशी राहिली?

याचे मोठे कारण आहे भाडे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठवली. त्यातून पागडी पद्धत रुजली. सुरुवातीला एकरकमी मोठी रक्कम, नंतर महिन्याला नाममात्र भाडे. २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने या व्यवहाराला कायदेशीर मान्यता दिली.

याचा परिणाम साध्या हिशेबाने समजून घेता येईल. समजा, ८०० चौरस फुटांच्या हॉटेलला बाजारभावाने महिन्याला चौरस फुटामागे ३०० रुपये भाडे द्यावे लागले. महिन्याचे झाले २ लाख ४० हजार, म्हणजे दिवसाचे ८ हजार रुपये. एका चहामागे १० रुपये सुटत असतील, तर फक्त भाडे निघण्यासाठी रोज ८०० कप विकावे लागतील. पगार, गॅस, वीज त्यानंतर. अशा हिशेबात एका चहावर तासभर बसणारे गिऱ्हाईक परवडत नाही. पागडीच्या जागेत ते परवडते. इराण्याचा निवांतपणा हा स्वभावाचा भाग असेलही, पण त्याला आधार भाडेपावतीचा होता.

पुनर्विकासात नेमके काय होते?

शहर भागात ‘म्हाडा’च्या दुरुस्ती मंडळाच्या अखत्यारीतील उपकरप्राप्त इमारती मूळ १९ हजार ६४२ होत्या, त्यातील सुमारे १३ हजार अजून उभ्या आहेत. अनेक इमारती धोकादायक आहेत. त्यांचा पुनर्विकास आवश्यक आहे, कारण वरच्या मजल्यावरच्या रहिवाशांच्या जिवाचा प्रश्न आहे. हे विसरून फक्त खालच्या हॉटेलसाठी हळहळणे अर्धवट ठरेल.

विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३ (७) कलमानुसार निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचे घर मिळते. दुकान किंवा हॉटेल चालवणाऱ्याला जुन्या जागेइतकीच जागा मिळते. कागदावर नुकसान काहीच नाही. खरी अडचण तीन ठिकाणी येते.

पहिली वेळेची. इमारत पाडून नवी उभी राहीपर्यंत काही वर्षे जातात. एवढ्या काळात कारागीर दुसरीकडे जातात आणि रोजचे गिऱ्हाईक सवय बदलते. दुसरी जागेची. क्षेत्रफळ तेवढेच मिळाले तरी तोच कोपरा, तेच दोन दरवाजे, तीच भट्टी मिळेल याची हमी नियमात नाही. नव्या मनोऱ्याच्या तळमजल्यावर वाहनांचा रस्ता असतो आणि दुकाने आत सरकतात. तिसरी खर्चाची. नव्या इमारतीचा देखभाल खर्च आणि मालमत्ता कर जुन्या भाड्याच्या कितीतरी पट असतो. शिवाय संमतीच्या वेळी ४० भाडेकरूंच्या इमारतीत हॉटेलचे मत फक्त एक असते.

एवढी मोठी मालमत्ता हाती आल्यावर ती चालवण्यापेक्षा विकणे किंवा भाड्याने देणे मालकाला सोपे वाटले, तर त्यात नवल नाही. अनेक घरांत पुढची पिढी गल्ल्यावर बसायला तयार नाही, हेही तितकेच खरे.

पुनर्विकासाशिवाय आणखी कोणत्या अडचणी?

मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी शहरातील प्रदूषणाच्या प्रकरणात लाकूड-कोळशावर चालणाऱ्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्याचे आदेश दिले. हवेसाठी हे गरजेचे आहे, पण जुन्या बेकऱ्यांना भट्टीच नव्याने बांधण्याचा खर्च आला. ब्रून आणि कडक पाव याच भट्ट्यांतून निघतात.

दुसरा प्रश्न ऑनलाइन डिलिव्हरीचा. ॲप कंपन्यांचे कमिशन आणि त्यांच्या कार्यपद्धतीविरोधात रेस्तराँ मालकांच्या राष्ट्रीय संघटनेने स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली आणि एप्रिल २०२२ मध्ये आयोगाने चौकशीचे आदेश दिले. वस्तीतल्या हॉटेलला यात कमिशनपलीकडचाही तोटा आहे. ॲपवर त्याचा पत्ता उरत नाही. तिथे कोपरा, पाटी आणि ओळखीचा वेटर या तिन्हींना किंमत नाही.

गंमत म्हणजे, मुंबईच्या इराणी हॉटेलांवर बेतलेली ‘दिशूम’ ही रेस्तराँ साखळी २०१० पासून लंडनमध्ये जोरात चालते आहे. धोबीतलावची ‘बास्तानी’ मात्र बंद पडली. तिच्या भिंतीवरच्या सूचनांवरून निसिम एझिकेल यांनी लिहिलेली कविता तेवढी उरली.

वस्ती पाहायची तर कुठून सुरुवात करावी?

लोकलचे तिकीट पुरेसे आहे. मरीन लाइन्सला उतरून कयानी आणि तिथून चालत गिरगाव. करी रोडहून लालबाग. सँडहर्स्ट रोडहून भेंडी बाजार. माटुंग्याला केळीच्या पानावरचे जेवण आणि हार्बर मार्गावर गुरू तेग बहादूर नगर. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी पाहाव्यात. पाटीवरचा शब्द कोणता, हॉटेल किती वाजता उघडते आणि गल्ल्यावर कोणती भाषा बोलली जाते. पहाटे पाचला उघडणारे हॉटेल कष्टकऱ्यांचे आणि फक्त दुपारी चालणारे कचेरीचे, हा ठोकताळा सहसा चुकत नाही.

आणखी एक प्रश्न गल्ल्यावर विचारता येईल. इमारतीचा पुनर्विकास कधी आहे? बहुतेक ठिकाणी उत्तर तयार असते. खायला जायचे असेल, तर त्या तारखेच्या आत जायला हवे.