बोनेटखालचा मध्यस्थ

उन्हाळ्याच्या दुपारी सहकुटुंब निघालेली मोटार खंबाटकी घाट चढत असते. वेग मंदावलेला, पुढे मालमोटारींची रांग. तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकतो आणि बोनेटमधून वाफ येऊ लागते. रेडिएटरमध्ये पाणी पुरेसे असते, पंख्याची मोटारही धडधाकट असते. बिघडलेला असतो तो काड्यापेटीहून लहान असा एक चौकोनी रिले.

रिलेचे कार्य पेढीच्या मालकाच्या सहीसारखे आहे. सहीला शाईचा थेंब पुरतो, पण तिच्या आधारे तिजोरीतली मोठी रक्कम हलते. बटण दाबताच रिलेमधील तांब्याच्या वेटोळ्यातून साधारणतः पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह वाहतो. वेटोळे चुंबक बनते, लोखंडी पट्टी ओढली जाते आणि तिच्यावरील संपर्कबिंदू जुळून ३० अँपिअरपर्यंतचा प्रवाह पंख्याकडे, हॉर्नकडे वा दिव्यांकडे जाऊ शकतो.

हा संपर्क तुटताना ठिणगी पडते. तिने बिंदूंवर खड्डे पडतात, काजळी धरते. ही झीज स्वाभाविकच; मात्र अनेक रिले वयाने नव्हे, तर भाराने मरतात. ६० वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर १० अँपिअर घेतात. हौसेने १०० वॅटचे बसवले की हाच आकडा सतराच्या घरात जातो, आणि वायरिंग व रिले मात्र जुनेच राहतात! अतिउष्णतेने संपर्कबिंदू एकमेकांना चिकटले, तर दिवा किंवा पंखा बंदच होत नाही आणि सकाळी बॅटरी उतरलेली आढळते.

सॉकेटमधील सैल पिना हे दुसरे कारण. तेथे उष्णता निर्माण होऊन प्लॅस्टिक तपकिरी पडते. अशा सॉकेटमध्ये नवा रिलेही टिकत नाही. कोकणातील पावसाळी दमट हवा, किंवा गाडी धुताना फ्यूजपेटीवर मारलेला पाण्याचा जोरदार फवारा, पिनांवर हिरवट गंज चढवतो. बॅटरी अशक्त असेल, तर वेटोळ्याला पुरेसे बळ मिळत नाही आणि रिले नुसता कटकटत राहतो. म्हणून बॅटरीची टोके स्वच्छ व घट्ट ठेवणे हीच पहिली काळजी.

रिलेचा ‘टक्’ असा आवाज आला म्हणजे तो निर्दोष, असे समजू नये. वेटोळे चालते, एवढेच त्यावरून कळते. बिंदू जळालेले असू शकतात. गाडी बंद करून त्याच क्रमांकाचा, तितक्याच क्षमतेचा व तशाच पिनांचा दुसरा रिले लावून पाहणे ही सोपी परीक्षा होय. हॉर्नचा रिले पुष्कळदा पंख्याच्या रिलेसारखाच असतो, आणि घाटात ही अदलाबदल कामी येते.

फ्यूज वारंवार उडत असेल, तर त्याच्या जागी तार किंवा मोठा फ्यूज घालणे आगीला निमंत्रण ठरते. अशा वेळी इलेक्ट्रिशियनकडून दोष शोधून घ्यावा. काही नव्या मोटारींत रिले फ्यूजपेटीतील पट्टीवरच झाळलेले असतात. त्यांना घरी हात लावू नये. सुटे निघणारे असतील, तर योग्य क्रमांकाचा एक जादा रिले स्टेपनीशेजारी ठेवावा.