पूर्वजाच्या बरगड्यांखाली

न्यूझीलंडमधल्या माओरी वस्तीत सभागृह पाहिलं की आधी त्याचा चेहरा शोधावा. तो असतो छपराच्या शिखरावर, लाकडात कोरलेला. तिथून दोन्ही बाजूंना उतरणाऱ्या फळ्या म्हणजे पसरलेले हात, त्यांची टोकं म्हणजे बोटं. आत गेलं की वर आढं, म्हणजे पाठीचा कणा, आणि वाशे म्हणजे बरगड्या. सगळं घर हा एका पूर्वजाचा देह. भिंतींशी उभ्या कोरीव फळ्यांवर त्याच्या कुळातली माणसं असतात. डोळ्यांच्या जागी निळसर-हिरवे चमकणारे पाउआ शिंपले.

टोटारा वृक्ष हे कोरीव कामाचं आवडतं लाकूड: टिकाऊ, सरळ चिरणारं. झाडं वनदेव ताने याची संतती, म्हणून तोडण्याआधी प्रार्थना. काम चालू असताना लाकूड 'तापू', म्हणजे पवित्र आणि म्हणूनच धोक्याचं. ढलप्या फुंकर मारून उडवायच्या नाहीत, चुलीत तर घालायच्याच नाहीत. परंपरेनं स्त्रियांना या कामाजवळ फिरकायला बंदी होती. पावित्र्याचा भार बायकांवरच का पडतो, हा प्रश्न आपल्याला नवा नाही.

ही कला आली समुद्रातून. सागरदेव तांगारोआनं रुआतेपुपुके नावाच्या पूर्वजाचा मुलगा पळवला आणि आपल्या घराच्या शिखरावर बसवला. बापानं ते घर जाळलं आणि येताना ओसरीवरचे कोरीव खांब उचलून आणले. घराच्या आतले खांब एकमेकांशी बोलत; हे बाहेरचे मुके होते. म्हणून आजचं कोरीव काम बोलत नाही, असं सांगतात.

मला मात्र 'ते हाऊ की तूरांगा' हे सभागृह चांगलंच बोलकं वाटतं. राहारूही रूकुपो या कारागिरानं १८४०च्या दशकात, थोरल्या भावाच्या स्मरणार्थ, गिझबर्नजवळच्या मानुतुके इथं ते उभं केलं. जुनी पाषाणाची वाकस मागे पडून लोखंडी पटाशा हाती आल्या होत्या. त्यामुळे नक्षी दाट झाली, खोल गेली. आतल्या मूर्तींमध्ये रूकुपोनं स्वतःलाही कोरलं, चेहऱ्यावर पूर्ण गोंदण असलेला.

१८६७ साली सरकारी मंत्री जे. सी. रिचमंड यांनी हे घर उचलून वेलिंग्टनच्या संग्रहालयासाठी नेलं. सरकारच्या लेखी ती वस्तू होती; रूकुपोच्या रोंगोफाकाटा लोकांच्या लेखी पूर्वजाचं अपहरण. रूकुपोनं त्याच वर्षी संसदेकडे अर्ज करून घर परत मागितलं. ते न मिळताच १८७३ मध्ये तो वारला. रोंगोफाकाटांची मालकी कायद्यानं मान्य झाली ती २०१२ साली.