ओलाव्याची एक ओळ

हमीभावाने कापूस विकायचा म्हटलं की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पहिला प्रश्न ओलाव्याचा. कापसात ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर सीसीआय, म्हणजे कॉटन कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, पूर्ण भाव देते. पुढच्या प्रत्येक टक्क्याला भाव एक टक्क्याने उतरतो आणि ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की खरेदीच होत नाही. २०२५-२६च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या हिशेबाने १० टक्के ओलाव्याला ७,९४७ रुपये ८० पैसे आणि १२ टक्क्यांना ७,७८५ रुपये ६० पैसे. त्याच हंगामात विक्रीआधी सीसीआयच्या ‘कपास किसान’ या मोबाइल ॲपवर नोंदणीही करावी लागली.

मी राळेगाव तालुक्यातली. पुसदला इंजिनिअरिंग केलं आणि तेव्हापासून सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. सीसीआयच्या ॲपशी माझा कामाचा काही संबंध नाही. पण आमच्याकडच्या मुलामुलींना टेस्टिंग शिकवताना मी खरेदी केंद्राचंच उदाहरण घेते. त्यांना ओलावा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

समजा, भाव ठरवणारा एक प्रोग्राम लिहिलाय. तो बरोबर चालतो का, हे कसं तपासायचं? एक पद्धत अशी की आधी साध्या भाषेत प्रसंग लिहायचा आणि तोच प्रसंग संगणकाकडून चालवून घ्यायचा. डॅन नॉर्थ या ब्रिटिश प्रोग्रामरने २००३च्या सुमारास ही वाट दाखवली. तिला ‘बिहेवियर ड्रिव्हन डेव्हलपमेंट’ म्हणतात, कामाच्या बोलीत बीडीडी. २००८मध्ये नॉर्वेच्या आस्लाक हेलेसॉयने त्यासाठी ‘कुकुंबर’ हे साधन बनवलं. त्यात प्रसंग लिहिण्याची जी पद्धत आहे, तिला ‘गर्किन’ म्हणतात. जगातल्या कितीतरी भाषा गर्किनला समजतात आणि त्यात मराठी आहे. फाइलीच्या सुरुवातीला भाषेची खूण केली की असं लिहिता येतं:

परिदृश्य: ओला कापूस
जर कापसाचा ओलावा १३ टक्के आहे
जेव्हा ग्रेडर कापूस तपासतो
मग खरेदी नाकारली जाते

ग्रेडर म्हणजे केंद्रावर कापसाची प्रत तपासणारा माणूस. ‘जर’पासूनची प्रत्येक ओळ म्हणजे एक स्टेप. पडद्यामागे प्रत्येक स्टेपला कोडचा एक तुकडा जोडलेला असतो. कुकुंबर ओळ वाचतं, तिच्याशी जुळणारा तुकडा शोधतं आणि चालवतं. जुळणारा तुकडा नसेल तर तसं सांगतं. दोन तुकडे जुळले तर ‘यातला कुठला?’ म्हणून थांबतं. ओळीतल्या आकड्यासाठी जागा मोकळी ठेवली की तोच तुकडा ८ला चालतो, १२ला चालतो आणि १३लाही. खाली उदाहरणांचा तक्ता जोडायचा, एका बाजूला ओलावा, दुसऱ्या बाजूला भाव, की एकाच प्रसंगातून सगळे दर तपासून होतात.

माझा जीव या पुन्हा पुन्हा वापरण्यात अडकलेला आहे, आणि तो फक्त टायपिंग वाचतं म्हणून नाही. एका मोठ्या प्रकल्पावर मी पाहिलं की नुसत्या लॉगिनसाठी प्रत्येकाने आपापली ओळ लिहिली होती. ‘युजर लॉगिन करतो’, ‘ग्राहक आत येतो’, ‘खातेदार साइन इन होतो’. लॉगिनचा पडदा बदलला तेव्हा हे सगळे तुकडे शोधून दुरुस्त करावे लागले. त्याहून वाईट म्हणजे ग्राहक आणि खातेदार एकच की वेगळे, हे कुणालाच नक्की सांगता येईना. एका गोष्टीला एकच ओळ असली की असे प्रश्न पहिल्याच दिवशी विचारले जातात.

म्हणून मुलांना सांगते, ‘हिरवं बटण दाबतो’ असं लिहू नका, ‘ग्रेडर कापूस तपासतो’ असं लिहा. उद्या बटण निळं झालं, मोबाइलऐवजी केंद्रावरच्या कॉम्प्युटरवर काम आलं, तरी ग्रेडर कापूस तपासणारच. बदल फक्त आतल्या कोडमध्ये होईल. ‘कापूस तपासतो आणि काटापट्टी देतो’ अशी जोडओळही नको. तिच्या दोन ओळी करा, मग नुसती तपासणी हवी असेल तिथे पहिली कामी येईल. आकड्याची जागा पहिल्यापासून दशांशाची ठेवा. ती फक्त पूर्णांकाची ठेवली तर १२.५ टक्के ओलावा आला की ओळ जुळत नाही, आणि घाईतला माणूस तिच्याशेजारी दुसरी ओळ लिहून मोकळा होतो. खरा कस तर १२च्या आसपासच लागतो.

पुनर्वापराचाही अतिरेक होतो. काही जण ‘अमुक ठिकाणी तमुक करतो’ अशी सगळीकडे चालणारी ओळ बनवतात. ती कुठेही बसते, पण वाचून काहीच कळत नाही. मला ती अजिबात मान्य नाही. दुसरा धोका लपून असतो. ‘खरेदी नाकारली जाते’ ही ओळ जर आधीच्या एखाद्या ठरावीक ओळीने ठेवून दिलेल्या माहितीवर गुपचूप विसंबून असेल, तर नव्या प्रसंगात ती मोडते, आणि दोष सापडता सापडत नाही. दोन स्टेपमध्ये समान काम असेल तर ते साध्या फंक्शनमध्ये काढावं आणि दोघींनी ते वापरावं. एका स्टेपमधून दुसरी बोलावली की गुंता वाढतो.

मागच्या दिवाळीत मी हे प्रसंग दादाला वाचायला दिले. त्याने कधी कोडची ओळ पाहिलेली नाही, पण कापसाची गाडी घेऊन केंद्रावर तोच जातो. तो म्हणाला, ‘अन् गाडी रातभर केंद्रावर उभी राह्यली, दवानं मॉइश्चर वाढलं तं?’ हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. त्या प्रसंगासाठी नवी ओळ एकच लिहावी लागली, ‘गाडी रात्रभर केंद्रावर थांबते’. ओलावा ११ टक्के, मग पुन्हा त्याच ओळीने १३ टक्के, ग्रेडरची तपासणी, नकार, या बाकीच्या सगळ्या ओळी तयारच होत्या. ओलाव्याच्या ओळीआधी एकदा ‘जर’ आणि एकदा ‘आणि’ आलं तरी अडलं नाही, कारण जुळवताना कुकुंबर सुरुवातीचा तो शब्द धरत नाही. दादाने तो प्रसंग वाचला आणि लगेच विचारलं, नाकारलेली गाडी वाळवून दुसऱ्या दिवशी आणली तर विक्रीसाठी नवा स्लॉट, म्हणजे नवी वेळ, घ्यावा लागतो का? तो प्रसंग आता मुलं लिहीत आहेत.