एक लिटर पेट्रोल, एक युनिट वीज

इलेक्ट्रिक सायकलला छोटं पेट्रोल इंजिन जोडायचं, पण चाक फिरवायला नाही, तर चालता चालता वीज तयार करायला. कल्पना सव्वाशे वर्षांची आहे. सायकलवर ती कितपत टिकते, याचा हा हिशेब.

इलेक्ट्रिक सायकलच्या नेहमीच्या बॅटरीवर ४८ व्होल्ट, १० अँपिअर-तास असं लिहिलेलं असतं. दोन्हींचा गुणाकार ४८० वॉट-तास, म्हणजे घरच्या मीटरवरचं जेमतेम अर्धं युनिट. अधूनमधून पॅडल मारत, थोडे चढउतार धरून किलोमीटरला १५ वॉट-तास खर्च झाले, तर सायकल तीसेक किलोमीटर जाते. या बॅटरीचं वजन असतं साधारण तीन किलो. तीन किलो पेट्रोल म्हणजे चार लिटर, आणि लिटरमागे सुमारे नऊ युनिट ऊर्जा धरली तर त्यात ३६ युनिट भरलेली असतात. वजन तेवढंच, ऊर्जा सत्तर पट! हा आकडा पाहिला की हौशी माणसाचं लक्ष सायकलच्या कॅरिअरकडे जातं. तिथे एक छोटा जनरेटर बसवला तर?

चाकाला न जोडलेलं इंजिन

पेट्रोलवर चालणारी पॅडलची गाडी महाराष्ट्राला नवी नाही. १९७२ साली आलेल्या किनेटिकच्या लूनाला पॅडल होते आणि ५० सीसीचं इंजिनही होतं. पण लूनाचं इंजिन थेट चाक ओढायचं. आपण बोलतोय त्या रचनेत इंजिनाचा चाकाशी काही संबंध नसतो. इंजिन जनरेटर फिरवतं, जनरेटरची वीज बॅटरीत किंवा सरळ मोटरमध्ये जाते आणि चाक फिरवते ती मोटरच. याला ‘सीरिज हायब्रीड’ म्हणतात.

२०२२ मध्ये विद्युतीकरण पूर्ण होईपर्यंत कोकण रेल्वेच्या गाड्या ओढणारी डिझेल इंजिनं याच पद्धतीची होती. त्यांतलं डिझेल इंजिन चाकांना हातही लावत नाही. ते वीज तयार करतं आणि चाकांच्या आसांवर बसवलेल्या मोटरी गाडी ओढतात. फरक एवढाच, की तिथे मध्ये गाडी ओढणारी बॅटरी नसते.

बॅटरी मध्ये घालून पाहिली ती तरुण फर्डिनांड पोर्श याने. व्हिएन्नाच्या लोनर कंपनीत काम करताना १९०० साली त्याने ‘सेम्पर व्हिव्हस’ नावाची गाडी बांधली. तिच्या पुढच्या चाकांच्या तुंब्यांतच विजेच्या मोटरी होत्या, आजच्या इलेक्ट्रिक सायकलच्या हब मोटरीसारख्या. मध्ये दोन छोटी पेट्रोल इंजिनं आणि प्रत्येकाला एक जनरेटर. आधीच्या निव्वळ विजेच्या गाडीत ७४ सेलची अवजड बॅटरी होती. इंजिनं आल्यावर ती ४४ सेलवर आणता आली. ‘बॅटरी कमी करा, फरक इंधनाने भरून काढा’ हे सूत्र तिथे आधीच मांडून झालेलं आहे.

पगार आणि बचत

या रचनेत जनरेटर केवढा हवा? पहिलं उत्तर सुचतं ते ‘मोटरीएवढा’. ते चुकीचं आहे.

सायकल, स्वार आणि सामान मिळून १२० किलो धरू. सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटरने जायला चाकाशी शंभर वॉटच्या आसपास शक्ती लागते. त्यातला निम्म्याहून अधिक वाटा हवेच्या विरोधाचा असतो. आता हीच सायकल वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला न्या. साधारण बारा-तेरा किलोमीटरमध्ये सुमारे साडेपाचशे मीटरचा चढ आहे. ताशी १५ किलोमीटरचा वेग ठेवायचा तर चाकाशी पावणेतीनशे वॉट लागतात. वेग कमी झाला, तरी गरज जवळजवळ तिप्पट होते. उतरताना मात्र मोटर पूर्ण बंद.

जनरेटर म्हणजे दरमहाचा पगार आणि बॅटरी म्हणजे बचत. दिवाळीचा खर्च भागवायला कोणी दिवाळीएवढा पगार मागत नाही, बचत मोडतो आणि नंतर भरून काढतो. म्हणून जनरेटर सरासरी गरजेएवढा आणि बॅटरी घाटाच्या गरजेएवढी, हा या रचनेचा गाभा आहे. आपल्या सायकलची सरासरी गरज, किलोमीटरला १५ वॉट-तास आणि ताशी २० किलोमीटर धरून, ३०० वॉट येते. एवढ्यासाठी हजार वॉटचा जनरेटर लादून नेणं म्हणजे निव्वळ हमाली.

बचत आटल्यावर काय होतं, हे बीएमडब्ल्यूच्या आय-थ्री या मोटारीने दाखवून दिलं. तिची मोटर १२५ किलोवॉटची होती. सोबत स्कूटरवरून घेतलेलं ६४७ सीसीचं इंजिन होतं, त्याची ताकद जेमतेम २५ किलोवॉट. सरासरीसाठी तेवढी पुरेशी होती. पण अमेरिकेत विकलेल्या गाड्यांत हे इंजिन बॅटरी सहा-सात टक्क्यांवर आल्यावरच सुरू व्हायचं. लांब चढावर उरलेली बचत संपली, की गाडी एकट्या ‘पगारावर’ यायची आणि वेग पडायचा. चालकांच्या तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या. युरोपातल्या गाड्यांमध्ये चालकाला इंजिन आधीच सुरू करता येत होतं. सायकलवालाही यातून एक धडा घेऊ शकतो: जनरेटर सुरू करायचा तो घाटाच्या आधी, बॅटरी अर्धी असताना.

आठ युनिट जातात कुठे?

आता पेट्रोलच्या बाजूचा हिशेब. बाजारात एक किलोवॉटच्या आसपासचे सुटसुटीत इन्व्हर्टर जनरेटर मिळतात: इंजिन ५० सीसी, वजन १३ किलोच्या घरात, टाकी दोन लिटरची. पूर्ण भारावर ही टाकी जेमतेम चार तास चालते, म्हणजे लिटरमागे दीड युनिटाच्या थोडं वर वीज मिळते. भार पाव केला की टाकी आठ तास पुरते, पण वीज लिटरमागे एक युनिटही पडत नाही. इलेक्ट्रिक सायकलसोबत येणारा चार्जर सहसा दोन अँपिअरचा, म्हणजे शंभर वॉटचा असतो. तो अशा जनरेटरला लावला तर भार पावच्याही खाली जातो आणि पेट्रोलचा बराचसा खर्च इंजिन नुसतं फिरतं ठेवण्यात होतो.

दुसरा मार्ग छोट्या इंजिनाचा. कोकणात आंब्या-काजूच्या बागांत गवत कापायला जे खांद्यावरचं यंत्र वापरतात, तसलं २५ सीसीचं चार-स्ट्रोक इंजिन तीन किलोचं असतं आणि मिनिटाला सात हजार फेऱ्यांवर सुमारे पाऊण किलोवॉट शक्ती देतं. तासाला अर्ध्या लिटरहून थोडं जास्त पेट्रोल पितं. दांड्यावर मिळणाऱ्या शक्तीतून जनरेटरचे तोटे वजा केले की इथेही उत्तर तेच येतं: एक लिटर पेट्रोल, साधारण एक युनिट वीज.

नऊपैकी आठ युनिट उष्णता होऊन सायलेन्सर आणि सिलिंडरच्या पंखांवाटे निघून जातात. हा कारागिराचा दोष नव्हे, आकाराचा आहे. सिलिंडर जितका लहान, तितकं आतल्या वायूच्या मानाने भिंतींचं क्षेत्रफळ जास्त. त्यामुळे जळणाऱ्या मिश्रणाची उष्णता दट्ट्याला ढकलण्याआधीच धातूत शिरते. घर्षणाचा वाटाही मोठा. मोटारीची चांगली इंजिनं इंधनातली ३५ ते ४० टक्के ऊर्जा कामाला लावतात, हे पिल्लू पंधरा टक्क्यांवर थकतं.

म्हणजे मायलेज किती? एका युनिटात सायकल साठ-पासष्ट किलोमीटर जाते, तेव्हा लिटरलाही तेवढेच. शंभर सीसीची साधी मोटरसायकल दोन माणसांना बसवून, दुप्पट वेगाने, जवळपास एवढंच मायलेज देते. पेट्रोल वाचवण्यासाठी कोणी ही सायकल बांधत असेल, तर त्याने तिथेच थांबावं. घरी मीटरवरून भरलेलं युनिट काही रुपयांत पडतं, जनरेटरवर त्याच युनिटाला पूर्ण लिटरचा भाव द्यावा लागतो.

जुळणीतले खाचखळगे

तरीही बांधायचीच असेल, तर यातलं यंत्रशास्त्र मात्र झकास आहे. ब्रशलेस मोटर बाहेरून फिरवली की तीच तीन-फेज जनरेटर होते. व्होल्टेज फेऱ्यांच्या प्रमाणात वाढतं: व्होल्टमागे शंभर फेरे घेणारी मोटर मिनिटाला सहा हजारांनी फिरवली तर साठेक व्होल्ट निघतात. सहा डायोडांच्या पुलातून ती वीज एकदिश करायची आणि विद्युतप्रवाहाला मर्यादा घालणाऱ्या कन्व्हर्टरमधून बॅटरीला द्यायची. ४८ व्होल्टची तेरा सेलची बॅटरी पूर्ण भरते ५४.६ व्होल्टला. त्यापुढे एक व्होल्टही चालत नाही.

खरी मेख इथेच आहे. बॅटरी भरली की तिचं संरक्षक सर्किट, म्हणजे बीएमएस, चार्जिंग तोडतं. त्या क्षणी जनरेटरवरचा भार नाहीसा होतो, मोकळं सुटलेलं इंजिन उधळतं आणि त्याबरोबर व्होल्टेजही. पहिला बळी सायकलच्या कंट्रोलरचा जातो. म्हणून इंजिनाला फेरे आवरणारा गव्हर्नर हवा आणि व्होल्टेज चढताच इग्निशन तोडणारा स्वतंत्र कटऑफही.

दुसरा शत्रू कंपन. एका सिलिंडरचं इंजिन कॅरिअरवर नट-बोल्टने घट्ट आवळलं की फ्रेमचे जोड, आरे आणि बॅटरीतल्या सेलना जोडणाऱ्या निकेलच्या पट्ट्या यांना सतत हादरे बसतात. मध्ये रबरी बुश लागतात. बॅटरी इंजिनापासून दूर, फ्रेमच्या त्रिकोणात ठेवणं उत्तम, कारण बहुतेक लिथियम-आयन सेल ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करू नयेत असं त्यांचे उत्पादक सांगतात. विदर्भातल्या मे महिन्यात ही मर्यादा सायलेन्सरच्या मदतीशिवायही गाठली जाते. पेट्रोलची नळी, तापलेला सायलेन्सर आणि लिथियमची बॅटरी यांना हातभर जागेत एकत्र ठेवतोय, हे बांधणाऱ्याने विसरू नये. आणि बंद गॅरेजमध्ये चाचणी कधीच नको. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.

कायद्याची कडा

भारतात अडीचशे वॉटच्या आतली, ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारी आणि बॅटरी सोडून ६० किलोपर्यंत वजनाची इलेक्ट्रिक सायकल मोटार वाहन मानली जात नाही. त्यासाठी अधिकृत चाचणी संस्थेची मान्यता मात्र हवी, आणि पुण्याची एआरएआय ही त्यांपैकी एक. पण नियमात आणखी एक अट आहे: गाडी ओढणारी वीज केवळ तिच्यावरच्या बॅटरीतून आली पाहिजे. चालत्या सायकलवर जनरेटर सुरू केला की ही अट डळमळते. दुसरीकडे मोटार वाहन कायद्याने चारपेक्षा कमी चाकांच्या, २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या गाड्या मोटार वाहनाच्या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत. दोन्ही सवलती एकाच सायकलवर एकत्र मागता येतील, असं गृहीत धरू नये. निरुपद्रवी मार्ग एकच: जनरेटर सामान म्हणून न्यायचा आणि जेवायला थांबल्यावर, सायकल उभी करून सुरू करायचा.

मग उपयोग कुणाला?

इंजिन, जनरेटर, चौकट, सायलेन्सर, टाकी असं सगळं मिळून सात-आठ किलो होतं. तेवढ्याच वजनात अडीच जादा बॅटऱ्या येतात आणि त्या ऐंशी किलोमीटर देतात, आवाज, धूर आणि परवान्याच्या कटकटीशिवाय. मूळ बॅटरी धरून दिवसाचा प्रवास शंभर-एकशे दहा किलोमीटरच्या आत असेल, तर जनरेटर हे ओझंच आहे. त्यापुढे मात्र पारडं फिरतं. पुढच्या साठ किलोमीटरसाठी बॅटरीवाल्याला आणखी सहा किलो वाहावे लागतात, पेट्रोलवाल्याला पाऊण किलो. जिथे दिवसचे दिवस विजेचा खांब दिसत नाही, अशा मुलखात या यंत्राला खरा अर्थ आहे.

तिथेही त्याला प्रतिस्पर्धी आहेच. २०१३ साली फ्रान्सहून निघालेल्या ‘सन ट्रिप’ या मोहिमेत सौरपत्रे लावलेल्या सायकली कझाकस्तानातल्या अस्तानापर्यंत गेल्या. २०१८ मध्ये हीच मोहीम लिऑनहून चीनमधल्या ग्वांगझूपर्यंत पोचली. महाराष्ट्राच्या उन्हात शंभर वॉटचं पॅनल दिवसाला चारशे-साडेचारशे वॉट-तास देतं, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण बॅटरी, रोज, फुकट. जनरेटरचा पाना हातात घेण्याआधी आपल्या वाटेचे रोजचे किलोमीटर १५ ने गुणून पाहावेत. उत्तर दीड हजार वॉट-तासांच्या आत आलं तर जादा बॅटरी घ्यावी. पुढे गेलं आणि वेळ असेल तर पॅनल लावावं. पुढे गेलं, वेळही नसेल आणि ऊनही नसेल, तरच पेट्रोल.