मँचेस्टर ग्रामर स्कूल : पाणचक्क्यांवर चाललेली शाळा

‘ग्रामर स्कूल’ या नावातील ग्रामर म्हणजे लॅटिनचे व्याकरण. एक्झिटरचे बिशप ह्यू ओल्डहॅम यांनी इ. स. १५१५ मध्ये मँचेस्टर येथे अशी विनामूल्य शाळा स्थापन केली. (शाळेच्या बोधचिन्हातील घुबड म्हणजे ‘आउल’ हा शब्द व ओल्डहॅम हे आडनाव यांवरील श्लेष होय.)

शाळेचा खर्च कसा भागे, हे विशेष पाहण्यासारखे आहे. मँचेस्टरमध्ये कापडगिरण्या येण्यास अद्याप अडीच शतकांहून अधिक अवकाश होता. ओल्डहॅम यांनी आयर्क नदीवरील पिठाच्या पाणचक्क्या शाळेस लावून दिल्या. गावकऱ्यांनी धान्य तेथेच दळावे असे बंधन होते आणि दळणावळीतून शिक्षकांचे वेतन निघे. म्हणजे मुलांना फी नव्हती. भार पडे तो घरोघरच्या दळणावर! पुढे गाव वाढले, तशी ही सक्ती जाचक होऊ लागली. अठराव्या शतकाच्या मध्यास कायदा होऊन ती केवळ बिअरसाठी लागणाऱ्या माल्टपुरती उरली.

१९३१ साली शाळा कॅथीड्रलजवळची जुनी जागा सोडून शहराच्या दक्षिणेस गेली. तेथे प्रशस्त मैदाने, जलतरण तलाव व माजी मुख्याध्यापक पॅटन यांच्या नावाचे ग्रंथालय आहे.

विसाव्या शतकात चक्क्यांची जागा सरकारी थेट अनुदानाने घेतली. त्या बदल्यात किमान एकचतुर्थांश जागा विनामूल्य ठेवाव्या लागत. १९७६ मध्ये अनुदान सोडून शाळा पूर्णपणे खाजगी झाली व फी हाच मुख्य आधार राहिला. गरीब घरच्या हुशार मुलांसाठी आता देणग्यांतून शिष्यवृत्तीनिधी उभारावा लागतो.