हंगामी कमाई, बारमाही भाडं

आज बोलू या संगीत तयार करायच्या सॉफ्टवेअरबद्दल. ते कोणकोणत्या पद्धतीनं विकलं जातं, आणि त्याच्या क्रॅक प्रती इतक्या का फिरतात?

मी शहपुऱ्यात राहतो. जबलपूर जिल्ह्यातलं हे तहसिलीचं गाव. इथं छोट्या स्टुडिओचं काम हंगामी असतं. नवरात्राआधी देवी जसांचं रेकॉर्डिंग, लगीनसराईत डीजेवाल्यांचे ट्रॅक, आणि मधले कित्येक आठवडे शुकशुकाट. त्यामुळे आमच्याकडे किंमत किती, याच्याइतकंच ती कधी द्यायची हे महत्त्वाचं ठरतं.

विक्रीचा पहिला प्रकार म्हणजे एकदाच पैसे. बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीचं एफएल स्टुडिओ असं मिळतं. एकदा घेतलं की पुढच्या आवृत्त्या फुकट. चाचणी प्रतीत काम जतन करता येतं, पण ते पुन्हा उघडायला खरेदी करावी लागते. रीपर आणखी मोकळं आहे. 60 दिवस पूर्ण वापरून बघा, मग परवाना घ्या. सवलतीचा परवाना 60 डॉलरचा, व्यावसायिक 225 डॉलरचा. दोन्हींत सॉफ्टवेअर तेच. धंद्याची वर्षाची उलाढाल 20 हजार डॉलरच्या आत असेल तर सवलतीचा परवाना चालतो. आपल्याकडचे बहुतेक छोटे स्टुडिओ त्यात सहज बसतात.

दुसरा प्रकार भाड्याचा, म्हणजे सबस्क्रिप्शन. दोन महिन्यांच्या एखाद्या मोठ्या कामापुरतं ते स्वस्त पडतं. पण कमाई हंगामी आणि भाडं बारमाही असलं की ते जड जातं. शिवाय भाडं थांबलं की सॉफ्टवेअर थांबतं आणि जुनं काम अडकतं. मार्च 2023 मध्ये वेव्हज या कंपनीनं आपल्या प्लगइनची कायमची विक्री बंद करून फक्त भाडं ठेवलं. जगभरच्या वापरकर्त्यांनी इतका गहजब केला की काही दिवसांतच कंपनीला जुनी पद्धत परत आणावी लागली.

तिसरा प्रकार मला आपल्या गावांसाठी सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो: हप्ते फेडा आणि मालक व्हा. 2016 मध्ये स्प्लाइसनं सीरम हा सिंथेसायझर असा द्यायला सुरुवात केली. तेव्हा किंमत होती 189 डॉलर, महिन्याला 9.99. हंगाम नसेल तेव्हा हप्ता थांबवायचा. तेवढे दिवस सीरम बंद, पण आधी भरलेले पैसे बुडत नाहीत. हप्ते फिटले की तो तुमचा.

चौथा प्रकार फुकटचा. सर्ज एक्सटी हा उत्तम सिंथेसायझर मुक्त स्रोत आहे. प्रो टूल्सची इंट्रो आवृत्ती फुकट मिळते. तिच्यात ऑडिओचे 8 ट्रॅक बसतात. पेटी, ढोलक, झांज आणि दोन आवाजांच्या भजनाला तेवढे पुरतात.

इतकं असूनही पेन ड्राइव्हवरून क्रॅक फिरतातच. किंमत हे एक कारण आहेच. दुसरं कारण म्हणजे खरेदीची वाट. विक्रेता परदेशी, किंमत डॉलरमध्ये. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमांमुळे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. ते बँकेच्या ॲपमधून आपणच सुरू करायचे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पैसे असून खरेदी अडते, आणि क्रॅक देणारा मित्र तर शेजारीच बसलेला असतो.

पण त्या फुकटाचीही किंमत मोजावी लागते. जून 2019 मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीनं लाउडमायनर नावाचा प्रकार उघड केला. संगीताच्या 137 क्रॅक सॉफ्टवेअरसोबत तो कॉम्प्युटरमध्ये शिरत होता आणि मालकाच्या विजेवर दुसऱ्यासाठी आभासी चलन तयार करत होता. संगीताचीच सॉफ्टवेअर का निवडली? कारण मिक्सिंग करताना पंखा घरघरला, मशीन तापलं, तर कुणालाच संशय येत नाही.

कायदाही बघून ठेवा. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 63ब नुसार चोरीची प्रत जाणूनबुजून कॉम्प्युटरवर वापरणं हा गुन्हा आहे. शिक्षा 7 दिवसांपासून 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. वापर कमाईसाठी किंवा धंद्यात नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं. गिऱ्हाइकाकडून पैसे घेणाऱ्या स्टुडिओला ही सवलत मागता येत नाही.

तेव्हा घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. पैसे भरणं थांबवलं तर माझं जुनं काम उघडेल का? नव्या आवृत्तीसाठी पुन्हा पैसे लागतील का? मंदीच्या महिन्यांत हप्ता थांबवता येईल का? आणि सॉफ्टवेअर कोणतंही असो, काम संपल्यावर प्रत्येक ट्रॅकची वेगळी वेव्ह फाइल काढून दुसऱ्या डिस्कवर ठेवा. दोन वर्षांनी गिऱ्हाईक येऊन म्हणालं, ‘दादा, त्याच जसात फक्त आवाज बदलून द्या,’ तर तुमचं काम एखाद्या परवान्यापाशी अडून राहणार नाही.