जीभ बधिर झाली म्हणजे विषबाधा नव्हे

सालवड-बोईसरच्या कारखान्यातून कुणी कामानिमित्त चीनच्या सिचुआन प्रांतात गेला आणि तिथले मापो तोफू जेवला, तर दोन घासांतच ओठ झिणझिणतात, जीभ बधिरते. विषबाधेच्या धास्तीने ताट बाजूला सरते. बहुतेकदा कारण असते सिचुआन मिरी. नाव मिरीचे, झाड लिंबाच्या कुळातले, मालवण-गोव्याकडे बांगड्याच्या आमटीत पडणाऱ्या तिरफळाचे भावंड. तिरफळ खाल्लेल्याला ही झिणझिण तशी ओळखीची.

मिरची तोंडातले उष्णता आणि वेदना कळवणारे मज्जातंतू चेतवते, तर या मिरीतले सान्शूल स्पर्शाचे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी २०१३ मध्ये ही झिणझिण मोजली, तेव्हा ती सेकंदाला सुमारे ५० कंपनांइतकी भरली! थोड्या वेळाने ती आपोआप ओसरते.

खरा धोका ॲलर्जीचा. तिथल्या जेवणात शेंगदाणे सर्रास, काही सॉसमध्ये कालवेही. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, धाप लागली, तर ती मिरीची नेहमीची झिणझिण नव्हे. वाट न पाहता रुग्णालय गाठावे. ॲलर्जी आधीच ठाऊक असेल, तर ती चिनी लिपीत लिहिलेली चिठ्ठी खिशात हवी. चीनमध्ये रुग्णवाहिकेचा क्रमांक १२० आहे.